इडलीपात्रातले स्क्रू

रविवारी दुपारी, कोपरखैरणे, सेक्टर सहा.
जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं
आणि लॅपटॉप पालथा घातला.
खालच्या अंगाला बारा वर्षांची धूळ
आणि पुष्करच्या दहावीतलं एक स्टिकर,
अर्धं खरवडलेलं.

"नवीनच घे ना आई," तो पुण्याहून म्हणतो,
"हप्त्यावर मिळतात हल्ली."
मिळतात.
पण याची चौकट धड आहे, बिजागऱ्या धड आहेत,
कीबोर्डवरची अक्षरं पुसली तरी बोटांना पाठ आहेत.
तीन सोसायट्यांचे हिशेब याच्या पोटात.
फाईल उघडायला घेतली की
चहा उकळायचा, गाळायचा, पिऊन व्हायचा,
कप विसळून यावं तर ते वर्तुळ
अजून गरगरतंच.

स्क्रू निघतील तसे इडलीपात्रात ठेवले.
पहिल्या खळग्यात झाकणाचे,
दुसऱ्यात पंख्याचे,
तिसऱ्यात ते चार, तांब्याच्या नळीवरचे,
ज्यांच्या शेजारी आकडे कोरलेले असतात
आणि जे उलट्या क्रमानं सैल करायचे असतात.
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

रबाळ्याच्या कंपनीत एकवीस वर्षं लाइनवर होते.
मनगटाला पट्टा, पट्ट्याला वायर, वायर जमिनीला.
अंगातली वीज बोर्डाला लागू नये म्हणून.
नायलॉनची साडी सोडताना चटचटते तेवढीच वीज,
पण तेवढ्यानं एक बोर्ड जातो, सुपरवायझर सांगायचा,
तुमच्या आठवड्याच्या पगाराचा.
माझ्यातली वीज त्यांना परवडत नव्हती.
कंपनी बंद झाली तेव्हा ज्यानं त्यानं काय काय नेलं,
स्टूल, भिंतीवरचं घड्याळ.
मी पट्टा आणला.
आज त्याचा चिमटा मोरीतल्या लोखंडी पाइपाला लावला,
वायर पुरेना
म्हणून टेबलच तिकडे ओढलं.

जुन्या पेस्टचा खडू झाला होता.
अर्धा तास कापसानं पुसत बसले.
मग बाजूचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला
आणि प्रोसेसर सुटला, अलगद,
दुधाचा दात पडावा तसा.

नवा म्हणजे जुनाच.
वाशीच्या अल्ताफ मुकादमनं दिला,
चंदेरी कागदात गुंडाळून, काडेपेटीत घालून.
"सतराशे. तुम्ही म्हणून, सुर्वे मॅडम."
कुणा आर्किटेक्टचा होता म्हणे.
कीबोर्डवर सरबत सांडलं, बोर्ड मेला, हा वाचला.
चष्मा कपाळावर चढवून बघितला.
याच्यातून केवढे जिने गेले असतील,
किती बाल्कन्या, गच्चीवरच्या टाक्या.
याला एक वीट आठवत नाही.
आठवायचं काम डिस्कचं. याचं काम
समोर आलेलं करायचं आणि पुढे सरकवायचं.
असं एकवीस वर्षं केलेली एक बाई माझ्या ओळखीची आहे.
तिच्या बोटांना मात्र सगळं आठवतं.

कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण त्रिकोणावर आणला.
इथं दाबायचं नसतं. सोडायचं असतं,
तो आपला आपण बसतो.
पेस्ट साबुदाण्याएवढी. न भिजलेल्या.

बटण दाबलं. पंखा घुमला.
स्क्रीन काळीच.
वरच्या मजल्यावर कुणीतरी
खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं, तेवढाच आवाज.
पुन्हा सगळं उघडलं.
रॅमची पट्टी नीट बसलीच नव्हती,
ती खटकन बसते तोवर दाबायची असते.
हे बोटं विसरली होती.

आता फाईल उघडते
लायटर पेटायच्या आत.
पहिल्या दिवशी तशीच उभी राहिले ओट्याशी,
आधण ठेवायचं की नाही कळेना.
मग ठेवलं.
पंखा पूर्वीपेक्षा जास्त ओरडतो,
मांडीवर घेतला तर चटका बसतो.
पुष्करला एवढं सांगितलं नाही.

परवा इडलीपात्राला तेल लावताना
कडेच्या खळग्यात बोटाला काहीतरी टोचलं.
एक स्क्रू. बारका, काळा.
कुठला असेल?
लॅपटॉप चालू होता, बी विंगची पावती छापत होता.
स्क्रू पदराला पुसून
काडेपेटीत टाकला, जुन्या प्रोसेसरशेजारी.

उचलली की वाजते.